बर्फाखालचे मासे

काश्मीरमध्ये २१ डिसेंबरपासून कडाक्याच्या थंडीचे चाळीस दिवस सुरू होतात. त्यांना ‘चिल्लई कलान’ म्हणतात. ‘चिल्ला’ हा शब्द तुम्हांला ठाऊकच आहे. २०२१ च्या जानेवारीत श्रीनगरचे तापमान उणे ८ अंश सेल्सिअसच्याही खाली उतरले. दल सरोवरावर बर्फाचा थर जमला. अशा वेळी बर्फाखालचे मासे मरतात का? नाही. ते जगतात. कसे, ते पाहू या.

आधी हवेचे उदाहरण घेऊ. एक घनमीटर हवेचे वस्तुमान ० अंशाला सुमारे १.२९ किलोग्रॅम असते. ३० अंशाला ते सुमारे १.१६ किलोग्रॅम भरते. हवा तापली की पसरते. म्हणून तेवढ्याच जागेत कमी हवा मावते. यालाच हवेची घनता कमी झाली असे म्हणतात. अशी हलकी हवा वर जाते. चुलीचा धूर वर जातो, तो यामुळेच.

पाणीही थंड होताना आकसते आणि जड होते. हिवाळ्यात सरोवराचे वरचे पाणी आधी थंड होते. ते खाली जाते व खालचे पाणी वर येते. परंतु ४ अंशाला पाण्याची घनता सर्वांत जास्त असते. पाणी त्याहून थंड झाले की आकसण्याऐवजी पसरू लागते. ते हलके होते, वरच राहते आणि तेथेच गोठते. एक घनमीटर पाण्याचे वस्तुमान सुमारे १००० किलोग्रॅम, तर बर्फाचे सुमारे ९१७ किलोग्रॅम असते. म्हणून बर्फ तरंगतो.

हा थर पांघरुणासारखा असतो. तो खालच्या पाण्यातील उष्णता सहज बाहेर जाऊ देत नाही. तळाशी सुमारे ४ अंशांचे पाणी राहते. त्यात मासे जगतात. बर्फ पाण्यापेक्षा जड असता, तर तो तळाशी साचत गेला असता आणि माशांना जागाच उरली नसती.

गोठताना पाणी पसरते, म्हणून काश्मीरमध्ये थंडीत नळ फुटतात. पाण्याचा जो गुण नळ फोडतो, तोच माशांना वाचवतो.

मात्र लक्षात ठेवा, वरचा बर्फ पातळ असू शकतो. गोठलेल्या सरोवरावर चालणे धोक्याचे असते.

शब्दार्थ
सरोवर – मोठे तळे
आकसणे – आकाराने लहान होणे
तळ – सर्वांत खालचा भाग

स्वाध्याय
१. तापलेली हवा वर का जाते?
२. पाण्याची घनता किती अंशाला सर्वांत जास्त असते?
३. बर्फाचा थर माशांच्या कसा उपयोगी पडतो?