यंत्रमानव घडविणारे विद्यार्थी

‘रोबो’ हा आता मराठीत रुळलेला शब्द मूळचा झेक भाषेतील. कारेल चापेक या नाटककाराच्या १९२० सालच्या नाटकातून तो जगभर पसरला. ज्या शब्दापासून तो सिद्ध झाला, त्याचा अर्थ वेठबिगार. सांगितलेले काम न कंटाळता करणारा हा वेठबिगार शाळकरी मुलांनी स्वतःच्या हातांनी घडवावा आणि संघ करून स्पर्धेच्या रिंगणात उतरवावा, ही प्रथा गेल्या तीन दशकांत चांगलीच रुजली आहे.

अमेरिकन संशोधक डीन केमन यांनी १९८९ मध्ये ‘फर्स्ट’ ही संस्था स्थापन केली. तिची पहिली स्पर्धा १९९२ मध्ये न्यू हॅम्पशायर राज्यातील एका शाळेच्या व्यायामशाळेत झाली. संघ होते अवघे २८. पंचवीस वर्षांनंतर, जुलै २०१७ मध्ये, केमन यांच्याच पुढाकाराने वॉशिंग्टन येथे भरलेल्या जागतिक स्पर्धेत दीडशेहून अधिक देशांची मुले आली. विषय पाण्याचा होता. निळे चेंडू म्हणजे शुद्ध पाणी, नारिंगी चेंडू म्हणजे त्यातील दूषित घटक. यंत्राने ते वेगळे करावयाचे. सुट्या भागांची पेटी सर्व देशांना सारखीच दिलेली असल्याने श्रीमंत देशाला अधिक सामग्रीचा लाभ नव्हता. मुंबईच्या विद्यार्थ्यांच्या भारतीय संघाने या स्पर्धेत अभियांत्रिकी रचनेचे सुवर्णपदक पटकावले. या स्पर्धांची एक रीत विशेष लक्षात घेण्याजोगी आहे. अनेक संघांची मिळून एक बाजू होते आणि फेरीगणिक जोडीदार बदलतात. सकाळचा प्रतिस्पर्धी दुपारी सहकारी असतो. साहजिकच त्याचे बिघडलेले चाक दुरुस्त करून देण्यात कोणाला कमीपणा वाटत नाही. आपल्या आंतरशालेय क्रीडास्पर्धांनाही ही रीत मानवेल.

यात विज्ञान कोणते, असा प्रश्न शिक्षकांकडूनच कधी येतो. उत्तर पाठ्यपुस्तकातच आहे. काळ्या रेषेवरून चालणारी छोटी गाडी घ्या. तिच्या पुढील भागातून अवरक्त किरण जमिनीवर पडतात. पांढरा पृष्ठभाग ते परतवितो, काळा बराचसा शोषून घेतो. उजवीकडच्या संवेदकाखाली काळी रेषा आली, की उजवे चाक मंदावते आणि गाडी उजवीकडे वळते. अडथळ्याचे अंतर मोजणारा संवेदक वटवाघळासारखा ध्वनी सोडून प्रतिध्वनीची वाट पाहतो. हवेत ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ३४० मीटर. प्रतिध्वनी २ सहस्रांश सेकंदाने परतला, तर ध्वनीचा जाऊन-येऊन प्रवास ६८ सेंटिमीटर. म्हणजे अडथळा ३४ सेंटिमीटरवर. हे गणित फळ्यावर करणारा विद्यार्थी दोनाने भागावयास विसरला, तर त्याचा एक गुण जातो. स्पर्धेत मात्र गाडी भिंतीवर आदळते, आणि ती चूक तो पुन्हा करीत नाही.

भंडारा जिल्ह्याच्या संदर्भात या विषयाचा विचार करताना प्रथम आठवतात ते येथील कारागीर. पितळी भांड्यांसाठी हे शहर प्रसिद्ध आहे. तुमसरच्या भात गिरण्यांतील पट्टे, कप्प्या आणि दंतचक्रे सांभाळणारे मिस्त्री आहेत. धातूचा पत्रा कसा वाकवावा, दात झिजलेले चक्र आवाजावरून कसे ओळखावे, हे ज्ञान पेटीसोबतच्या माहितीपत्रकात नसते. अशा एखाद्या कारागिरास महिन्यातून दोन दिवस शाळेत सन्मानाने बोलावले, तर मुलांना मार्गदर्शक मिळेल. त्या मिस्त्रींच्या स्वतःच्या मुलीही त्या वर्गात बसलेल्या असतील, हा लाभ वेगळाच.

साधनसामग्रीची सोय अगदीच नाही असे नाही. नीती आयोगाच्या अटल नवोन्मेष मोहिमेखाली २०१६ पासून सुरू झालेल्या ‘अटल टिंकरिंग लॅब’ योजनेत निवड झालेल्या शाळेस २० लाख रुपयांपर्यंत अनुदानाची तरतूद होती. त्यातील निम्मे साहित्यासाठी, निम्मे पाच वर्षांच्या चालू खर्चासाठी. फेब्रुवारी २०२५ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात पुढील पाच वर्षांत सरकारी शाळांत अशा ५० हजार प्रयोगशाळा उभारण्याची घोषणा झाली. तथापि अनुदान मिळणे आणि मुलांच्या हातात पेचकस येणे यांत अंतर असते. साठा नोंदवहीत सुटा भाग कमी भरेल या भीतीने कपाट बंद राहते, ही अडचण कोणत्याही तपासणी अधिकाऱ्यास अपरिचित नसावी. तुटलेला संवेदक हा वापराचा पुरावा मानावा, गैरव्यवहाराचा नव्हे, एवढे एक लेखी आश्वासन मुख्याध्यापकांना मिळाले, तरी बरीच कुलुपे उघडतील. वेळेचेही पाहावे लागेल. रोवणीच्या आणि धान कापणीच्या दिवसांत घरची कामे असतात, फेब्रुवारीपासून शालान्त परीक्षा. संघाची बांधणी या दोहोंच्या मधल्या आठवड्यांतच व्हावयास हवी. सायंकाळी थांबणाऱ्या मुलींना गावी परतण्यासाठी सोबत लागेल. तिची व्यवस्था शाळा व्यवस्थापन समितीने आधीच ठरविली नाही, तर संघात केवळ मुलेच उरतात.

तालुका पातळीवरील पहिल्या स्पर्धेस मोठे रिंगणही लागत नाही. जुन्या फलकाची कोरी पांढरी बाजू वर करून अंथरावी आणि तीवर काळी चिकटपट्टी वळणावळणाने लावावी. असे फलक ग्रामपंचायतींपाशी सहसा कमी नसतात.