तीन टिंबांचा माल

यवतमाळहून मूर्तिजापूरला पूर्वी ‘शकुंतला’ ही नॅरोगेज गाडी धावत असे. विसाव्या शतकाच्या आरंभी हा मार्ग मुख्यतः कापूस नेण्यासाठी घातला गेला. त्याच्या रुळांमधील अंतर ७६२ मिलिमीटर, तर मूर्तिजापूरहून मुंबईकडे जाणाऱ्या मार्गाचे १६७६. यवतमाळचा डबा पुढे जाऊ शकत नसे. माल दुसऱ्या डब्यात चढवावा लागे. ‘सी’ या संगणकभाषेत अशीच अडचण येते.

‘प्रिंटएफ’ हे छपाईचे फंक्शन तुम्हांस ठाऊक असेल. त्याला आधी साचा द्यायचा, मग हव्या तितक्या किमती. उदाहरणार्थ, प्रिंटएफ("%एस: %डी क्विंटल", "वणी", ४०). किमतींची संख्या ठरलेली नाही, म्हणून त्याच्या व्याख्येत साच्यापुढे तीन टिंबे असतात. किमती किती व कोणत्या प्रकारच्या, हे प्रिंटएफला कोणी सांगत नाही. साच्यातील % ची चिन्हे वाचूनच ते माल उतरवून घेते. साचा ही जणू मालाची बिल्टीच!

आता समजा, प्रत्येक ओळीआधी ‘यवतमाळ बाजार’ छापणारे ‘नोंद’ नावाचे वेष्टन-फंक्शन आपणांस लिहायचे आहे. त्यालाही साचा आणि तीन टिंबे. परंतु ती टिंबे आतून प्रिंटएफला तशीच पुढे देण्याची सोय भाषेत नाही. मग काय करावे?

१) ‘व्हीए_लिस्ट’ प्रकारचे ‘यादी’ हे चल घ्या.
२) प्रिंटएफने ‘यवतमाळ बाजार: ’ छापा.
३) व्हीए_स्टार्ट(यादी, साचा) लिहा. साच्यानंतरच्या किमती आता यादीतून मिळतील.
४) व्हीप्रिंटएफ(साचा, यादी) लिहा. यादी स्वीकारणारे प्रिंटएफचे हे भावंड आहे.
५) व्हीए_एंड(यादी) लिहून काम संपवा.

ही सोय ‘एसटीडीआर्ग.एच’ या फाइलमधून मिळते. १९८९ च्या अमेरिकी प्रमाणात तिचा समावेश झाला. चौथ्या पायरीत चुकून प्रिंटएफ लिहिले, तर ते यादीलाच पहिली किंमत समजेल आणि भलतेच काही छापेल.

दोन गोष्टी जपा. साच्यात %डी, म्हणजे पूर्णांक, लिहून १२.५ दिले, तर काय छापले जाईल याची शाश्वती नाही. शेतकऱ्याच्या कापसाचे वजनच चुकीचे नोंदले जाईल! तसेच बाहेरून आलेला मजकूर साचा म्हणून कधीही देऊ नका. ‘ओलावा ८%’ असा शेरा आला, तर त्यातील % हे फंक्शन खूण समजेल. अशा वेळी नोंद("%एस", शेरा) असेच लिहावे.

करून पाहा: पहिली किंमत ‘पुढे किती संख्या आहेत’ हे सांगेल, असे ‘बेरीज’ फंक्शन लिहा. बेरीज(३, ४०, २५, ३५) चे उत्तर १०० येईल. पण ३ च्या जागी ४ लिहिले तर उत्तराचा भरवसा का धरता येणार नाही, याचे कारण वहीत लिहा.