निर्धूर चूल आणि सरपणाचा परवाना

उघड्या चुलीच्या धुरानें गृहिणीचे डोळे व छाती बिघडते आणि बरीचशी आंच वायां जाते. म्हणून आमच्या शेतकरी बंधूंनीं धुराड्याची चूल घालावी, असें आम्ही सुचवितों.

चूल माती, भुसा व शेण मळून भिंतीलगत घालावी. तोंडाचा जाळ आंतील नळीनें वैलाखालीं व तेथून धुराड्यांत गेला पाहिजे. भांडीं घट्ट बसावीं. घर शाकारलेलें असल्यास धुराडें भिंतींतून बाहेर काढून गवतापासून दूर न्यावें. ठिणगीनें घर जाण्याचें भय असतें. काजळी महिन्यास झाडावी, नाहींतर धूर उलटतो.

परवान्याचा प्रश्न सरपणाचा आहे. महाराष्ट्रांत १९६४ च्या वृक्षतोड-विनियमन अधिनियमान्वयें साग, खैर, हिरडा, मोह, चिंच, आंबा, फणस, जांभूळ इत्यादि झाडें स्वतःच्या शेतांतलीं असलीं तरी वृक्ष अधिकाऱ्याच्या लेखी परवानगीवांचून तोडतां येत नाहींत. अर्जांत झाडांची जात, संख्या व कारण लिहून सातबाराचा उतारा जोडावा. परवानगी हातीं येण्यापूर्वीं कुऱ्हाड लावूं नये.

ओल्या लांकडाची आंच पाणी आटविण्यांतच खर्चते. तेव्हां तुराट्या, पऱ्हाट्या व वाळल्या फांद्या आधीं वापराव्या. शेण मात्र चुलींत न घालतां शेतास द्यावें.