पळस्पे फाटा आणि अडीचचे गणित

पुण्याचा आणि गोव्याचा रस्ता जिथे वेगळा होतो तो पळस्पे फाटा आपण एसटीच्या खिडकीतून कैकदा पाहिलाय. आजूबाजूला मूळची भाताची खाचरं. 2013 मध्ये विमानतळ प्रभावित क्षेत्र म्हणजे ‘नैना’ जाहीर झालं, नियोजन सिडकोकडे गेलं. 25 डिसेंबर 2025 पासून नवी मुंबई विमानतळावरून विमानंही उडू लागली. जमिनीला भाव आला, हे सांगायला अर्थतज्ज्ञ कशाला हवा!

नैनाच्या नगररचना योजनेत शेतकऱ्याची 60 टक्के जमीन रस्ते, शाळा, मैदानं वगैरेंसाठी जाते. 40 टक्के विकसित भूखंड म्हणून परत मिळते आणि त्यावर अडीचपर्यंत चटईक्षेत्र. एकराचे 40 गुंठे, परत 16. सोळा गुणिले अडीच, पुन्हा 40. हिशेब चोख वाटतो ना?

आता समजा, कुणाची 5 गुंठेच जमीन आहे. परत 2 गुंठे, साधारण 202 चौरस मीटर. बांधकाम मिळणार 505. भूखंड अगदी चौरस धरा, चारी बाजूंनी तीन-तीन मीटर मोकळे सोडा, उरतात 67. म्हणजे साडेसात मजले! त्यात इमारतीची उंची वाढली की मोकळी जागाही जास्त सोडावी लागते. पाया, जिना, लिफ्ट यांचा खर्च वेगळाच. भात पिकवणाऱ्याने एवढा पैसा आणायचा कुठून? मग बिल्डरला वाटा द्या, नाहीतर शेजाऱ्यांचे भूखंड एकत्र करा. पण सातबाऱ्यावर दहा नावं आणि भावाभावांत बोलणं बंद असेल, तर सही घ्यायला जाणार कोण?