पाहणारी आणि पाहिली जाणारी

प्रस्तावना

एखादे चित्र पाहताना आपले लक्ष प्रथम त्यातील रंग, आकार आणि चेहरे यांकडे जाते. चित्रकाराचे नाव चौकटीखालच्या पट्टीवर वाचता येते. परंतु ते चित्र काढणारी व्यक्ती कोठे उभी होती, तेथे उभे राहण्याची मुभा कोणाला होती आणि कोणाला नव्हती, हे त्या पट्टीवर लिहिलेले नसते. ते शोधावे लागते. प्रस्तुत पाठात असाच एक शोध आहे. कलेचा इतिहास शिकणाऱ्या एका विद्यार्थिनीने 'कलाचळवळ आणि स्त्रीचे समाजातील स्थान' हा विषय प्रकल्पासाठी निवडला आहे, अशी कल्पना करू. तिच्याबरोबर आपणही एकोणिसाव्या शतकातील पॅरिस शहरात जाऊ.

उद्दिष्टे

या पाठाच्या अभ्यासानंतर आपण –
• दृक्‌प्रत्ययवादी चळवळीतील स्त्री चित्रकारांचा परिचय करून देऊ शकाल;
• चित्राचा विषय आणि चित्रकाराचे सामाजिक स्थान यांतील संबंध स्पष्ट करू शकाल;
• एकाच विषयावरील दोन चित्रांची तुलना करू शकाल.

मूळ पाठ

१. बंद दरवाजे

विद्यार्थिनीच्या मनात आरंभी एक साधा प्रश्न होता. कलेच्या इतिहासातील थोर नावांमध्ये स्त्रियांची नावे इतकी कमी का? स्त्रियांमध्ये प्रतिभाच कमी असते, असे उत्तर पूर्वी अनेकांनी दिले होते. अमेरिकेतील कला-इतिहासकार लिंडा नॉकलिन यांनी १९७१ साली एका गाजलेल्या निबंधात हाच प्रश्न हाती घेतला आणि त्याची दिशा बदलली. प्रतिभेचे मोजमाप करण्यापूर्वी शिक्षण कोणाला मिळत होते ते पाहा, असा त्यांच्या विवेचनाचा आशय होता.

त्या काळी युरोपात ऐतिहासिक आणि पौराणिक प्रसंगांची भव्य चित्रे सर्वश्रेष्ठ मानली जात. अशी चित्रे काढण्यासाठी मानवी शरीराचा, म्हणजेच विवस्त्र मॉडेलचा, अभ्यास आवश्यक होता. हा अभ्यास स्त्रियांना दीर्घकाळ वर्ज्य होता. लंडनमधील रॉयल अकॅडमीची स्थापना १७६८ साली झाली. तिच्या संस्थापक सदस्यांत अँजेलिका कॉफमन आणि मेरी मोझर या दोन स्त्रिया होत्या. पुढे योहान झोफनी या चित्रकाराने अकॅडमीच्या सदस्यांचे एक समूहचित्र रंगवले. त्यात पुरुष सदस्य पुरुष मॉडेलभोवती जमलेले दिसतात. कॉफमन आणि मोझर मात्र त्या दालनात नाहीत. भिंतीवर टांगलेल्या दोन व्यक्तिचित्रांच्या रूपाने तेवढी त्यांची उपस्थिती आहे. सदस्य असूनही त्या भिंतीवरच राहिल्या! त्यांच्यानंतर अकॅडमीचे पूर्ण सदस्यत्व एखाद्या स्त्रीला मिळण्यास १९३६ साल उजाडावे लागले. ती स्त्री म्हणजे लॉरा नाइट.

फ्रान्समध्येही परिस्थिती निराळी नव्हती. पॅरिसची 'एकोल द बोझार' ही कलाशिक्षणाची प्रमुख सरकारी संस्था. तिने स्त्रियांना प्रवेश दिला तो १८९७ साली. तोपर्यंत स्त्रियांना खाजगी शिक्षकांवर किंवा अधिक शुल्क घेणाऱ्या खाजगी कलाशाळांवर अवलंबून राहावे लागे. म्हणजे ज्यांच्या घरी पैसा होता, त्यांनाच चित्रकला शिकता येई.

२. नवी चळवळ

१८७४ साली पॅरिसमध्ये सुमारे ३० चित्रकारांनी एकत्र येऊन स्वतःचे प्रदर्शन भरवले. सरकारमान्य वार्षिक प्रदर्शनातील परीक्षक मंडळाची सत्ता त्यांना मान्य नव्हती. पाहण्याच्या क्षणी डोळ्यांना जाणवणारा प्रकाश आणि रंग यांना त्यांनी महत्त्व दिले. देवदेवता आणि राजेरजवाडे यांच्याऐवजी त्यांनी आपल्या भोवतीचे चालू जीवन रंगवले. क्लोद मोने यांच्या एका चित्राच्या नावावरून एका समीक्षकाने या मंडळींची थट्टा केली आणि त्या थट्टेतूनच चळवळीला नाव मिळाले. मराठीत आपण तिला 'दृक्‌प्रत्ययवाद' म्हणतो.

या पहिल्या प्रदर्शनात एकच स्त्री होती. तिचे नाव बेर्त मोरिसो. १८८६ पर्यंत या चळवळीची एकूण आठ प्रदर्शने झाली. त्यांपैकी सात प्रदर्शनांत मोरिसो यांनी भाग घेतला. १८७९ चे एक प्रदर्शन तेवढे चुकले. त्याच्या काही महिने आधीच त्यांची कन्या ज्युली हिचा जन्म झाला होता. त्या वर्षी अमेरिकन चित्रकार मेरी कसॅट आणि फ्रेंच चित्रकार मारी ब्राकमाँ या दोघी चळवळीत दाखल झाल्या.

येथे विद्यार्थिनीला वाटले की उत्तर सापडले. जुनी संस्था स्त्रीला अडवते, नवी चळवळ तिला सामावून घेते. हे खरेच होते. पण ते पुरेसे होते काय? तिने चित्रे पुन्हा एकदा लक्षपूर्वक पाहिली.

३. कठड्याच्या अलीकडे

या चळवळीतील पुरुष चित्रकारांनी कॅफे, मद्यगृहे, नाचघरे, रंगभूमीचा मागचा भाग आणि रस्त्यांवरील गर्दी मोठ्या उत्साहाने रंगवली. मोरिसो आणि कसॅट यांच्या चित्रांत दिसतात बागा, दिवाणखाने, सज्जे, पाळणे आणि शिवणकाम. आवडीनिवडीचा प्रश्न येथे काही अंशी असेलही. परंतु त्या काळी सुस्थितीतील घराण्यातल्या स्त्रीने एकटीने कॅफेत बसणे म्हणजे आपल्या अब्रूवर पाणी सोडणे होते. मोरिसो भगिनी लूव्र संग्रहालयात जुन्या चित्रांच्या प्रतिकृती करण्यास जात, तेव्हा सोबतीला आई असे. मारी बाश्किर्त्सेफ या तरुण चित्रकर्तीने आपल्या रोजनिशीत एकटीने रस्त्यांतून भटकण्याच्या, बागेत बाकावर बसण्याच्या स्वातंत्र्याची तीव्र ओढ व्यक्त केली आहे. या स्वातंत्र्याशिवाय खरा चित्रकार घडत नाही, असे तिचे म्हणणे होते. आधुनिक चित्रकलेचा विषय शहराच्या रस्त्यावर होता आणि नेमका तो रस्ताच स्त्रीला मोकळा नव्हता.

मोरिसो यांचे १८७२ मधील 'सज्जात' हे चित्र या दृष्टीने पाहावे. काळ्या पोशाखातील एक स्त्री कठड्याला टेकून उभी आहे. शेजारी एक लहान मुलगी कठड्याच्या गजांतून खाली पाहत आहे. दूरवर पॅरिस शहर पसरले आहे. शहर दिसते, परंतु मध्ये कठडा आहे. कला-इतिहासकार ग्रिसेल्डा पोलॉक यांनी अशा कठड्यांकडे अभ्यासकांचे लक्ष वेधले. स्त्रीसाठी आखलेली जागा आणि बाहेरचे जग यांतील सीमारेषा त्यांना त्यांत दिसली.

त्याच वर्षी मोरिसो यांनी 'पाळणा' हे चित्र काढले. झोपलेल्या बाळाकडे पाहणारी त्यातील आई म्हणजे त्यांची बहीण एदमा. दोघी बहिणी बरोबरच चित्रकला शिकल्या होत्या. १८६९ मध्ये एदमा यांचा विवाह झाला आणि त्यांनी चित्रकला सोडली. चित्र सुटल्याची हुरहुर त्यांच्या पत्रांतून दिसते. हे ठाऊक झाल्यावर 'पाळणा' केवळ वात्सल्याचे चित्र राहत नाही. एक बहीण कुंचला हाती धरून आहे, दुसरी पाळण्याची जाळी. आणि पहिली दुसरीला रंगवत आहे. मारी ब्राकमाँ यांनीही पुढे १८९० च्या सुमारास चित्रकला जवळजवळ थांबवली. त्यांचे पतीही कलावंत होते, परंतु त्यांना पत्नीची ही नवी शैली पसंत नव्हती.

४. दोन प्रेक्षागारे

विद्यार्थिनीने यानंतर एकाच विषयावरील दोन चित्रे शेजारी ठेवली. ओग्युस्त रन्वार यांचे १८७४ मधील चित्र नाट्यगृहातील खास आसनकक्षाचे आहे. काळ्यापांढऱ्या पट्ट्यांचा झगा, गळ्यात मोती, केसांत फूल अशी एक सुंदर स्त्री आपल्या समोर बसली आहे. तिच्या हातातील छोटी दुर्बीण खाली टेकलेली आहे. मागे बसलेला पुरुष मात्र दुर्बीण डोळ्यांना लावून वरच्या सज्जांकडे पाहत आहे. तो पाहतो, ती पाहिली जाते.

मेरी कसॅट यांचे १८७८ मधील चित्रही नाट्यगृहाचेच आहे. यातील स्त्रीचा पोशाख साधा आणि काळा आहे. ती पुढे झुकली आहे, दुर्बीण तिच्या डोळ्यांना लागली आहे आणि ती एकाग्रतेने पाहत आहे. आपण तिच्याकडे पाहतो आहोत, याची तिला पर्वा नाही. दूरच्या सज्जात एक पुरुष दुर्बीण रोखून तिच्याकडेच पाहताना दिसतो. कसॅट यांनी त्याला चित्रातून वगळले नाही. पाहणाऱ्या स्त्रीवरही नजरा रोखलेल्या असतात, हे त्यांनी लपवले नाही. तरीही तिच्या हातातील दुर्बीण खाली आलेली नाही.

कसॅट यांच्या १८८१ मधील आणखी एका चित्रात त्यांची बहीण लिडिया घोडागाडी हाकत आहे. लगाम तिच्या हाती आहे आणि नोकर मागे तोंड करून बसला आहे. आयुष्याच्या उत्तरार्धात कसॅट यांनी स्त्रियांच्या मताधिकाराला पाठिंबा दिला. १९१५ मध्ये न्यूयॉर्क येथे या कार्याच्या साहाय्यार्थ भरलेल्या प्रदर्शनात त्यांची चित्रे होती.

५. चित्रामागील श्रम

येथवर आलेला शोध एका चित्रापाशी अडखळतो. १८८० च्या सुमारास मोरिसो यांनी लहानग्या ज्युलीला स्तनपान करणाऱ्या दाईचे चित्र काढले. चित्रात आई नाही, कारण आई चित्र काढत आहे. वेतन घेऊन दूध पाजणारी स्त्री आणि कुंचला चालवणारी स्त्री, दोघीही येथे आपापले काम करत आहेत. पण इतिहासात नाव एकीचे ठळक झाले. एका स्त्रीला मिळालेला मोकळा वेळ दुसऱ्या स्त्रीच्या श्रमांवर उभा होता. 'स्त्रियांचे स्थान' असे आपण म्हणतो तेव्हा त्या स्त्रिया कोणत्या वर्गातील, हा प्रश्न त्यामुळे टाळता येत नाही.

आणि ज्या मोरिसो यांचे नाव झाले, त्यांच्या वाट्याला तरी काय आले? १८९५ मध्ये त्यांचे निधन झाले. सात प्रदर्शने आणि शेकडो चित्रे मागे ठेवणाऱ्या या चित्रकर्तीच्या मृत्युनोंदीत व्यवसायाच्या जागी 'व्यवसाय नाही' असे लिहिले गेले.

६. त्याच दारातून

एकोल द बोझारचे दार १८९७ मध्ये उघडले, त्याचा लाभ पुढे एका भारतीय चित्रकर्तीलाही झाला. अमृता शेरगिल यांनी १९३० पासून तेथे शिक्षण घेतले. १९३४ च्या अखेरीस त्या भारतात परतल्या. १९३५ मधील त्यांच्या 'तीन मुली' या चित्राला १९३७ मध्ये बॉम्बे आर्ट सोसायटीचे सुवर्णपदक मिळाले. या मुली नटूनथटून आपल्यासमोर बसलेल्या नाहीत. त्यांची नजर आपल्याकडे वळत नाही. ती आत, आपल्याच विचारात आहे. शेरगिल यांनी १९३६ मध्ये अजिंठ्याची लेणी पाहिली आणि त्या दर्शनाचा ठसा त्यांच्या पुढील चित्रांवर उमटला. १९४१ मध्ये, वयाच्या अवघ्या अठ्ठाविसाव्या वर्षी त्यांचे निधन झाले. त्यांची अनेक चित्रे आज नवी दिल्ली येथील राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात आहेत.

७. शोधाचे फलित

विद्यार्थिनीने प्रकल्पाच्या शेवटी आपल्या पहिल्या प्रश्नाच्या जागी तीन नवे प्रश्न लिहिले. शिकण्याची संधी कोणाला होती? चित्रकार कोठपर्यंत जाऊ शकत होता? चित्र घडावे म्हणून आणखी कोणी श्रम केले? कलाचळवळीने चित्र काढण्याची रीत बदलली म्हणजे समाजाची रीत आपोआप बदलत नाही. परंतु मिळालेल्या मर्यादित जागेतून जे दिसले, ते या स्त्रियांनी इतक्या बारकाईने पाहिले की ती जागाच कलेचा विषय ठरली. पाळणा, सज्जा, शिवणकाम हे विषय क्षुल्लक नाहीत, हे त्यांनी वाद घालून नव्हे, तर चित्रे काढून सिद्ध केले.

शब्दार्थ

दृक्‌प्रत्यय – डोळ्यांना येणारा अनुभव
वर्ज्य – निषिद्ध, मनाई असलेले
प्रतिकृती – नक्कल
साहाय्यार्थ – मदतीसाठी
फलित – निष्पत्ती

पाठगत प्रश्न

१. झोफनी यांच्या समूहचित्रात कॉफमन आणि मोझर कशा रूपात दिसतात? त्यातून काय सूचित होते?
२. १८७९ च्या प्रदर्शनात मोरिसो का नव्हत्या?
३. रन्वार आणि कसॅट यांच्या चित्रांतील दुर्बिणीचा उपयोग कसा वेगळा आहे?

स्वाध्याय

१. 'आधुनिक चित्रकलेचा विषय शहराच्या रस्त्यावर होता आणि नेमका तो रस्ताच स्त्रीला मोकळा नव्हता.' या विधानाचा अर्थ उदाहरणांसह स्पष्ट करा.
२. दाईचे चित्र आपल्याला कोणता प्रश्न विचारण्यास भाग पाडते? आपल्या परिसरातील उदाहरण देऊन लिहा.
३. 'व्यवसाय नाही' या नोंदीविषयी आपले मत आठ ते दहा ओळींत लिहा.

उपक्रम

आपल्या घरातील किंवा परिसरातील एखादे रेखाटन, रांगोळी, भरतकाम, गोधडी किंवा भित्तिचित्र निवडा. ते कोणी केले, ती व्यक्ती ही कला कोणाकडून शिकली, त्यासाठी तिला वेळ कसा मिळाला आणि त्यावर तिचे नाव कोठे लिहिले आहे काय, याची माहिती तिच्याशी बोलून मिळवा आणि एक पृष्ठाचे टिपण तयार करा. टिपणाच्या आरंभी, तिची संमती असल्यास, तिचे पूर्ण नाव अवश्य लिहा.