आधी पिक्सेल मोजा, मग पैसे!

"दादा, जरा माझी लिस्ट बघ ना." परवा रात्री मेसमधून येताना सेकंड इयरच्या एका ज्युनियरने कागद पुढे केला. बजेट ८० हजार, गेमिंगचा कॉम्प्युटर, आणि तोही ४केवर! लिस्ट वाचली आणि पोटात गोळा आला. मॉनिटरपासून लाइटवाल्या कॅबिनेटपर्यंत ती हुबेहूब माझीच दोन वर्षांपूर्वीची लिस्ट होती. आपल्या हॉस्टेलमध्ये नोट्सप्रमाणे चुकासुद्धा झेरॉक्स होऊन फिरतात. तेव्हा मंडळी, ही झेरॉक्स इथेच थांबावी म्हणून हा लेखप्रपंच.

माझा पराक्रम

माझ्याकडे आईच्या भिशीचे ४० हजार, इंटर्नशिपचे २५ आणि मित्रांकडून उधार १५ हजार होते. घरी सांगितलं, "प्रोजेक्टसाठी लागतोय." २७ इंची ४के मॉनिटर, आठ कोअरचा प्रोसेसर, काचेचं कॅबिनेट आणि पाण्यावर चालणारा कूलर घेतला. उरलेल्या पैशांत ४ जीबीचं जीटीएक्स १६५० कार्ड बसलं. पॉवर सप्लाय दुकानदाराने कॅबिनेटसोबत 'फुकट' दिला. पहिल्या रात्री अख्खी विंग खोलीत जमली. गेम सुरू झाला आणि सेकंदाला १०-१२ फ्रेम! लग्नाच्या अल्बमची पानं उलटावीत तसा हिरो पुढे सरकत होता. एकेक जण "झोप आली" म्हणून सटकला.

पिक्सेलचा हिशेब

आपण इंजिनिअर ना? मग साधा गुणाकार करू.

१९२० × १०८० = सुमारे २०.७ लाख पिक्सेल
२५६० × १४४० = सुमारे ३६.९ लाख
३८४० × २१६० (म्हणजे ४के) = सुमारे ८२.९ लाख

४के म्हणजे १०८०पीच्या बरोबर चौपट. सेकंदाला ६० फ्रेम हव्या असतील तर जवळजवळ ५० कोटी पिक्सेल दर सेकंदाला रंगवायचे, आणि प्रत्येक फ्रेमला वेळ फक्त १६.७ मिलिसेकंद!

हे काम कुणाचं? गॅदरिंगच्या रांगोळीत एक जण आराखडा ठरवतो आणि बाकीचे रंग भरतात. रांगोळी चौपट केली तरी आराखडा तोच राहतो, रंग भरणारे हात मात्र चौपट लागतात. गेममध्ये कोण कुठे आहे, गोळी कुणाला लागली हे प्रोसेसर ठरवतो. त्याचं काम रिझोल्युशनने फारसं वाढत नाही. रंग भरतं ते ग्राफिक्स कार्ड. मी आराखडा काढायला मोठा कलाकार आणला आणि रंग भरायला एकच पोरगा ठेवला. रांगोळी पुरी होणार कशी?

फुकटची चाचणी

नवीन काही घेण्याआधी जुन्या मशीनवर हे करून बघा. गेमचं रिझोल्युशन कमी करा आणि फ्रेम मोजा. फ्रेम बऱ्याच वाढल्या तर कार्ड कमी पडत होतं. जवळपास तेवढ्याच राहिल्या तर प्रोसेसर अडतोय, अशा वेळी महागडं कार्ड आणूनही फायदा नाही. पाच मिनिटांची ही चाचणी मी केली असती तर... जाऊ दे!

पैशांचे वाटे

पार्टचे भाव सतत हलतात. २०२५च्या शेवटी रॅमच भराभर महागली. म्हणून इथे भाव देत नाही, वाटे देतो. मॉनिटर वगळून उरलेल्या रकमेचा ४० ते ४५ टक्के भाग कार्डाला द्या. प्रोसेसर सहा कोअर, बारा थ्रेडचा पुरतो, रायझन ५ ५६०० हे त्याचं साधं उदाहरण. रॅम एकाच मोठ्या काडीऐवजी दोन सारख्या काड्यांत घ्या, म्हणजे दोन्ही चॅनेल वापरले जातात. गेमसाठी एसएसडी हवीच. कॅबिनेटला समोरून हवा येऊ दे, लाइट नसले तरी चालतील.

मॉनिटर सर्वांत आधी ठरवा, कारण कार्डाचं काम तोच ठरवतो. मर्यादित बजेटमध्ये माझं मत २७ इंची १४४०पीला. २४ इंची १०८०पीवर इंचाला सुमारे ९२ पिक्सेल असतात, २७ इंची १४४०पीवर १०९. चित्र उघडपणे रेखीव दिसतं आणि कार्डावर ओझं चौपट नाही, पावणेदोन पटींच्या आसपास पडतं.

कार्ड घेताना मेमरी बघा आणि नुसत्या आकड्याला भुलू नका. आरटीएक्स ३०६० हे १२ जीबीमध्ये मिळत होतं, तर नंतर आलेलं आरटीएक्स ४०६० आहे ८ जीबीचं! रिझोल्युशन आणि टेक्स्चर वाढवले की मेमरी भरते, आणि ती भरली की गेम मध्येच अडखळतो.

'४के तर हवाच' म्हणणाऱ्यांसाठी डीएलएसएस आणि एफएसआर आहेत. ४के पडद्यावर 'क्वालिटी' निवडलं की गेम आतून १४४०पीवर रंगवला जातो आणि मग मोठा केला जातो. 'परफॉर्मन्स' निवडलं तर आतून १०८०पीच. डीएलएसएसला आरटीएक्स कार्ड लागतं. एफएसआरच्या सुरुवातीच्या आवृत्त्या इतर कंपन्यांच्या कार्डांवरही चालतात.

आणि हो, मॉनिटरची वायर कार्डाला लावा, मदरबोर्डाला नाही! हसू नका, आमच्या विंगमध्ये दोघांनी महिनाभर हेच केलं होतं. जुन्या एचडीएमआय १.४ने ४के फक्त ३० हर्ट्झवर मिळतं. ६० हर्ट्झसाठी किमान २.० हवं.

फुकटचा सप्लाय

आता मुख्य गोष्ट. सबमिशनच्या आदल्या रात्री लाइट दोनदा गेली आणि आली. तिसऱ्यांदा आली तेव्हा 'फट्' असा आवाज झाला आणि जळका वास सुटला. फुकटचा पॉवर सप्लाय गेलाच, जाताना मदरबोर्डही घेऊन गेला. आमच्या चौघांच्या ग्रुपचं सिम्युलेशन त्याच मशीनवर होतं. ड्राइव्ह काढून लॅबमधल्या मशीनला जोडली, सुदैवाने डेटा वाचला. पण त्या अर्ध्या तासात तिघा मित्रांच्या तोंडाकडे बघायची हिंमत होत नव्हती.

म्हणून सांगतो, बेरीज करा. प्रोसेसर ६५ वॅटचा, आरएक्स ६७०० एक्सटीसारखं कार्ड २३० वॅटचं, बाकी सगळं ७० धरा. झाले ३६५. प्रोसेसर आणि कार्ड क्षणभर याहून जास्त ओढतात, म्हणून नावाजलेल्या कंपनीचा ६५० वॅटचा सप्लाय घ्या. '८० प्लस ब्रॉन्झ' ही कार्यक्षमतेची खूण आहे, निम्म्या लोडवर सुमारे ८५ टक्के. तेवढ्यावरून सप्लाय मजबूत ठरत नाही. वॉरंटी किती वर्षांची आणि आत कोणती संरक्षणं आहेत तेही विचारा. सोबत यूपीएस ठेवा.

सेकंडहँड घ्यायचं तर

सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियमचं मायनिंग बंद झालं आणि ढिगाने वापरलेली कार्डं बाजारात आली. सगळीच वाईट नसतात, पण समोर अर्धा तास गेम चालवून बघितल्याशिवाय पैसे देऊ नका. पंखे, तापमान, पडद्यावरचे ठिपके तपासा. बिल आणि उरलेली वॉरंटी मागा. लॅमिंग्टन रोड असो की तापकीर गल्ली, तीन दुकानांत विचारल्याशिवाय पाकीट काढायचं नाही.

मी पुढे ४के मॉनिटर आणि कूलर विकला. त्यात थोडी भर घालून १४४०पी मॉनिटर, वापरलेलं १२ जीबीचं कार्ड, मदरबोर्ड आणि चांगला सप्लाय घेतला. आता गेम ६० फ्रेमवर चालतो, सिम्युलेशनही.

त्या दिवाळीत घरी गेलो तेव्हा आईला सगळं खरं सांगितलं. ती फराळाचा डबा भरत होती. म्हणाली, "खेळायला पाहिजे म्हणाला असतास तरी दिले असते रे. पण खोटं बोललास ते बोललास, वर हिशेबही चुकवलास!"

पहिल्या वाक्याने जास्त लागलं. उधारी फिटली, भिशीचे पैसे अजून महिन्याला दोन हजार असे परत करतोय.

ज्युनियरच्या लिस्टवर मी लाल पेनने चार रेघा मारल्या: मॉनिटर, प्रोसेसर, कूलर, कॅबिनेट. खाली सप्लायची बेरीज लिहून दिली. मग विचारलं, "घरी काय सांगितलंयस?"

तो गप्प. म्हटलं, "आधी तो फोन कर. मग दुकानात जाऊ, मी येतो सोबत."