‘मूर्ख’ कोणाला म्हणावे?



‘मूर्ख’ हा शब्द आपल्या तोंडी सहज येतो. दूध उतू गेले, मुलाचे गणित चुकले की आपण तो उच्चारून मोकळे होतो. पवित्र शास्त्रात या शब्दाचा अर्थ काय, तो आज पाहू या.

जुन्या करारात, शमुवेलच्या पहिल्या पुस्तकात (अध्याय २५) नाबाल नावाचा धनगर भेटतो. त्याची ३,००० मेंढरे आणि १,००० शेरडे होती. दाविदाच्या माणसांनी रानात त्याच्या कळपांची राखण केली. पण लोकर कातरणीच्या सणाला ते अन्न मागायला आले, तेव्हा त्याने त्यांचा अपमान केला. ‘नाबाल’ या इब्री शब्दाचा अर्थच मूर्ख. त्याला व्यवहार चांगला कळत होता. कळत नव्हते ते उपकार. त्याची पत्नी अबीगईल हिच्या समंजसपणामुळेच घर वाचले.

संत लूकच्या शुभवर्तमानातील धनवान शेतकरीही (१२:१३-२१) हिशेबात पक्का होता. पीक भरपूर आले, तशी त्याने मोठी कोठारे बांधायचे ठरवले. तरी देव त्याला मूर्ख म्हणतो. तेथील मूळ ग्रीक शब्द ‘आफ्रोन’ म्हणजे ज्याला विवेक नाही असा. साठवणे हा त्याचा दोष नव्हे. आपले भाटघर धरणही पावसाळ्यात पाणी साठवते. पण ते नीरा नदीतून आणि कालव्यांतून बारामती-फलटणच्या शेतांपर्यंत पोहोचते. त्या शेतकऱ्याच्या बेतात मात्र स्वतःखेरीज कोणीच नव्हते. देव नाही, शेजारी नाही, मरणही नाही. हा दाखला प्रभूने सांगितला तो वारशाच्या वाटणीवरून आलेल्या तक्रारीवर. बांधावरून भाऊ भावाशी बोलत नाही अशा आपल्या घरांना तो थेट लागू पडतो.

हाच विचार आपल्या मराठी मातीतही आहे. भोरहून वरंध घाट उतरून गेल्यावर शिवथरघळ लागते. समर्थ रामदासांनी दासबोध तेथे लिहिला अशी परंपरा आहे. त्यातील दुसऱ्या दशकात ‘मूर्खलक्षण’ आहे आणि ‘पढतमूर्खा’ची लक्षणेही आहेत. म्हणजे पुष्कळ वाचूनही माणूस मूर्ख राहू शकतो.

मग जे मूल हळू शिकते, नापास होते किंवा मतिमंद आहे, त्याला हा शब्द लावणे चूक आहे. शास्त्रात मूर्खपणा हा मनाचा दोष आहे, बुद्धी कमी असण्याचा नव्हे. घरात रोज ‘ढ’, ‘बिनडोक’ ऐकणारे मूल शेवटी तेच खरे मानते. रागाने भावाला मूर्ख म्हणणाऱ्याला प्रभूने डोंगरावरील प्रवचनात कडक इशारा दिला आहे (मत्तय ५:२२).

पण प्रभूने स्वतः अम्माऊसच्या वाटेवर शिष्यांना निर्बुद्ध म्हटले नाही का? (लूक २४:२५) म्हटले. मात्र त्यानंतर तो त्यांच्याबरोबर चालला, त्यांना शास्त्र उलगडून सांगितले आणि त्यांच्या घरी भाकर मोडली. आपण शब्द फेकतो आणि पाठ फिरवतो. फरक इथे आहे.

या आठवड्यात घरी विचार करू या:
१. आपल्या घरात हा शब्द कोणाला जास्त ऐकावा लागतो?
२. आपल्या साठवणीत दुसऱ्याचा वाटा किती?
३. कोणाचे उपकार आपण नाबालासारखे विसरलो आहोत?